साठवलेल्या तुकड्यांची वाकळ: पोत आधी, रंग नंतर

गाठोडं सोडलं की आधी दोन ढीग करा, सुती वेगळं आणि टेरिकोट वेगळं. ओळखू येत नसेल तर कडेचा एक धागा ओढून जाळून बघा. सुती धाग्याची भुरभुरीत राख होते, टेरिकोटची कडक गोळी. दोन्ही एकाच वाकळेत घातले की पहिल्या धुण्यात सुती आटतं, टेरिकोट तसंच राहतं आणि जोडावर चुण्या पडतात. त्या पुन्हा निघत नाहीत. म्हणून शिंप्याकडच्या कोऱ्या चिंध्याही आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर तो तुकडा बाजूला.

एकट्याच्या पांघरुणाला 9 इंची चौकोनी 70 तुकडे लागतात. पुठ्ठ्याचा साचा करा आणि कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच कापा, तिरका कापलेला तुकडा शिवताना ताणतो. अर्धा इंच शिलाई धरून सात-सात तुकड्यांच्या दहा पट्ट्या जोडा. एका पट्टीची शिलाई डावीकडे दाबली तर पुढचीची उजवीकडे दाबा. नाहीतर चार कोपरे भेटतात तिथे कापडाची गाठ होते आणि सुई तिथेच मोडते. वरचा थर 57 बाय 81 इंच होईल.

आतल्या भरणीला दोन जुन्या सुती साड्या पुरतात. प्रत्येकीचे 62 इंचांचे तीन तुकडे काढा, विरलेला भाग टाळा. दोन-दोन तुकडे काठाला काठ जोडले की तीन थर मिळतात: दोन आत, एक खाली अस्तराला. साड्या फारच जीर्ण असतील तर अस्तराला मांजरपाट घ्या. यंत्रमागांचं इचलकरंजी जवळ असताना चांगल्या सुती कापडाची अडचण नको. आतले थर वरच्या मापाचे, अस्तर मात्र चारी बाजूंनी दीड इंच जास्त. भरणीचा मोह आवरा. थर वाढवले की ओली वाकळ पिळता येत नाही आणि आपल्याकडच्या पावसात कुबट होते.

आता फरशीवर अस्तर, भरण, तुकडे अशी चवड लावा आणि मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे टाळून कडेपासून सुरुवात केली तर सगळं ढिलं कापड मध्ये ढकललं जाऊन फुगा येतो. उसवण्याशिवाय त्याला इलाज नाही.

पक्का धावदोरा कडेकडून गोल फिरवत आत न्या, ओळींत दीड इंच अंतर ठेवा. हातभरच जाड सुती दोरा घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ थरांत ओढून लपवा. सुईवर तीन-चार टाके घेऊन दोरा ओढला की अंगठ्याने ओळ मागे दाबत सरळ करा; कापड आवळलं असेल तर तिथेच सैल होतं. चार थरांतून सुई रेटायची म्हणजे अंगुस्तान, बोटावर घालायची शिंप्याची टोपी, हवंच.

शेवटी अस्तराची जास्तीची कड दुमडून वर आणा आणि हेमने, म्हणजे दुमडीच्या कडेवर बारीक टाके घालून, शिवा. मग कच्चे टाके काढा. नवरात्राआधी धुवायला काढाल तेव्हा एका दोरीवर दुमडून टाकू नका, दोन दोऱ्यांवर पसरा. मधली घडी ओली राहिली तर वास तिथूनच सुरू होतो.