जुन्या डिझेल गाडीला कोणतं ऑईल घालावं?

ऑईलचा डबा घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा. ‘इंजिन जुनं झालंय, जाड ऑईल टाका’ हा गॅरेजमधला सल्ला प्रत्येक इंजिनाला मानवत नाही. जुन्या बोलेरो-सुमोला १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल सहसा चालतं. पण स्विफ्ट डीडीआयएस, इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट आणि पुंटो डिझेल यांच्यात फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आहे. त्यातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. सकाळी गाडी सुरू करताना जाड ऑईल तिथवर उशिरा पोचलं की चेन खडखडते आणि टर्बोचा शाफ्टही तेवढा वेळ जवळपास कोरडा फिरतो.

ग्रेडमधले आकडे ऑईलची जाडी सांगतात: डब्ल्यूच्या आधीचा थंड इंजिनातली, नंतरचा तापलेल्या. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (हे जाडी मोजायचं एकक) पट्ट्यातच येतात. म्हणजे ५डब्ल्यू गरम झाल्यावर पाणी होतं ही भीती खोटी. मॅन्युअलच्या तक्त्यात ४० बसत असेल, तर झिजलेल्या मल्टिजेटला २०डब्ल्यू-५० पेक्षा ५डब्ल्यू-४० कधीही चांगलं.

ग्रेड ठरली की डब्याच्या मागे एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा बघा. डिझेलसाठी ‘सी’ने सुरू होणारं अक्षर हवं. मॅन्युअलमध्ये सीएफ-४ किंवा सीएच-४ लिहिलं असेल तर सीआय-४ बिनधास्त घाला. नुसतं एसएन लिहिलेलं पेट्रोलचं ऑईल नको. एफए-४ तर अजिबात नको, ते नव्या इंजिनांसाठीचं पातळ ऑईल आहे. डिझेलमध्ये ऑईल लवकर काळं पडतं, त्याला घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

गाडी ऑईल खात असेल तर जाड ऑईलने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. आधी मोजा. सपाट जागी, सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक बघून ऑईल मॅक्सपर्यंत भरा आणि १,००० किमीनंतर त्याच जागी पुन्हा बघा. अर्धा लिटरच्या वर गेलं असेल तर कारण शोधायला हवं. चढावर निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर घ्या. बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर धुराचा भपका आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) पाईपमध्ये ऑईल साचलेलं दिसलं तर टर्बो तपासून घ्या.

याच्या उलट पातळी वाढली आणि डिपस्टिकला डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल खालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं. शिवाय पातळी फार वाढली तर इंजिन ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर काढणारी नळी) ऑईलच ओढून पेटवू लागतं आणि चावी बंद केली तरी रेस होत राहतं.

बदलताना इंजिन कोमट असू द्या. ड्रेन नटाला नवा वॉशर घाला, फिल्टरच्या रबरी रिंगला ऑईलचं बोट फिरवा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत उरलेलं घाला. इंजिनात गाळ असेल तर फ्लश (आतून धुणारं द्रव) टाळा; सुटलेला गाळ पंपाची जाळी बुजवतो. त्यापेक्षा पहिलं ऑईल २,०००-३,००० किमीवरच फिल्टरसकट बदला.