ब्लॉकचेनचं पोस्टर करताय? आधी ते कुलूप काढा

ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची वही, जिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. तिचं पोस्टर करून घ्यायला कोणी आलं की मी त्यांनी आणलेला नमुना आधी बाजूला ठेवते. निळे चमकते ठोकळे, लोखंडी साखळी, मधोमध कुलूप. नमुना हमखास हाच. फोंड्यात माझं डिझाइनचं दुकान आहे. एरवी शिगम्याचे बॅनर, नाटकांच्या जाहिराती आणि लग्नपत्रिका चालू असतात. कुलूप दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, आत काहीतरी लपवून ठेवलंय. प्रत्यक्षात बिटकॉइन या ब्लॉकचेनवरच्या डिजिटल चलनाच्या नोंदी कोणीही उघडून वाचू शकतो. म्हणजे पहिल्याच चित्राने उलटं शिकवलं.

चित्र एकाच प्रश्नाचं काढा: मागची नोंद कोणी गुपचूप बदलली तर कळणार कसं?

हिशेब ओळखीचा घ्या. मी रोमटामेळाच्या, म्हणजे शिगम्यातल्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीच्या, समितीचा जमाखर्च घेते आणि पाच मोठी कार्डं करते: वर्गणी, ढोल-ताशे, कपडे, चित्ररथाचा ट्रक, जेवण. प्रत्येक कार्डावर नोंद, मागच्या कार्डाचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) आणि या दोन्हींवरून काढलेला त्या कार्डाचा स्वतःचा हॅश. मजकूर कितीही लहानमोठा असला तरी एसएचए-२५६ या पद्धतीने निघणारा हॅश ६४ चिन्हांचाच असतो. ती ६४ चिन्हं पोस्टरवर छापाल तर लोक तिथूनच वाचणं सोडतील. त्यांचा रंग करा.

ते सोपं आहे. कॅनव्हात किंवा कुठल्याही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा कोड सहा चिन्हांचा असतो, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतलाच. हॅशही याच चिन्हांत लिहितात. तेव्हा हॅशची पहिली सहा चिन्हं उचला आणि रंगाच्या चौकटीत टाका. इंग्रजीत ‘हॅलो’ सगळं लहान लिपीत लिहिलं तर हॅश २सीएफ२४डी असा सुरू होतो, म्हणजे झगझगीत हिरवा. फक्त पहिला एच मोठा केला की १८५एफ८डी, गडद निळा. एका अक्षराने रंगच पालटला, हे लहान मुलालाही दिसतं. हॅश काढणारी पानं इंटरनेटवर फुकट मिळतात. मजकुराच्या शेवटी नकळत एंटर किंवा मोकळी जागा राहू देऊ नका, तेवढ्यानेही हॅश बदलतो.

आता कार्डाच्या डाव्या कडेला मागच्याचा रंग आणि उजव्या कडेला स्वतःचा, अशा पट्ट्या द्या. सरळ ओळीत मांडलं की पट्टीला पट्टी जुळते. मग लोकांसमोर ढोल-ताशांचं भाडं ४,५०० चं ५,४०० करा आणि त्या कार्डाची उजवी पट्टी नव्या हॅशच्या रंगाने बदला. कपड्यांच्या कार्डाशी सांधा तिथेच तुटतो. भाषण नको, बोटाने दाखवा.

कोणीतरी विचारतंच, पुढची सगळी कार्डं नव्याने रंगवली तर? विचारायलाच हवं. त्यासाठी दुसरं चित्र: तीच पाच कार्डं पाच घरांत, एका घरचे रंग वेगळे, म्हणजे बदल कोणी केला ते लगेच दिसतं. शिवाय बिटकॉइनमध्ये रंगवणंही महाग पडतं. हॅशच्या सुरुवातीला ठरावीक शून्यं येईपर्यंत संगणक ब्लॉकमधला, म्हणजे आपल्या कार्डासारख्या नोंदींच्या गठ्ठ्यातला, एक आकडा बदलत राहतात. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक निघावा म्हणून ही अट दर २,०१६ ब्लॉकांनी पुन्हा जुळवली जाते. सगळ्याच ब्लॉकचेन असं करत नाहीत. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ही पद्धत सोडली. पोस्टरवर ‘बिटकॉइन’ असं स्पष्ट लिहा.

याच शून्यांमुळे बिटकॉइनचे खरे ब्लॉक रंगवायला गेलात तर सगळे काळेकुट्ट येतील. तिथे शेवटची सहा चिन्हं घ्या. ३ जानेवारी २००९ चा अगदी पहिला ब्लॉक ८सीई२६एफ ने संपतो. तो निघतो छान पोपटी.

बाण मात्र मागे वळवा. प्रत्येक ब्लॉक आधीच्याकडे बोट दाखवतो, पुढच्याचा त्याला पत्ता नसतो. पुढे जाणारे बाण आगगाडीच्या डब्यांसारखे दिसतात म्हणून सगळे तसेच काढतात.

गोव्यात प्रश्न जमिनीवर येणारच. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा यावर चढवला तर भाटाचे, म्हणजे बागायतीचे, तंटे मिटतील का? “पयलींच फट बरयली जाल्यार?” (मुळातच खोटं लिहिलं असेल तर?) असं मागच्या रांगेतून कोकणीत विचारलं जातं, तेव्हा तिसरं पोस्टर पुढे करा: पहिल्याच कार्डावर खोटी नोंद आणि पुढच्या सगळ्या पट्ट्या अगदी बरोबर जुळलेल्या. नोंद नंतर बदलली का, एवढंच ही यंत्रणा सांगते. भाट कोणाचं, हे तिला ठाऊक नसतं. विकायला आलेली माणसं हे पोस्टर गाळायला सांगतात. मी गाळत नाही.

छापण्याआधी एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. हिरवा आणि निळा दोन्ही सारखेच करडे दिसू शकतात, आणि काहींना लाल-हिरवा फरक मुळातच कळत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीवर हॅशची ती सहा चिन्हं ठळक छापा. कार्यक्रम पावसाळ्यात असेल तर कार्डं लॅमिनेट करून घ्या, नाहीतर दमट हवेने कडा वळतात आणि पट्ट्या जुळत नाहीत.