'प्यासा' पहिल्यांदा बघताय? मग रद्दीवर लक्ष ठेवा

गुरुदत्तचा 'प्यासा' (१९५७) बघायचाय पण "जुना आहे, रडका असेल" म्हणून टाळताय, त्यांच्यासाठी हे. जवळपास अडीच तासांचा आहे, आणि फोनवर तर बघूच नका, व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्याची सगळी मजा सावल्यांमध्ये आहे आणि छोट्या स्क्रीनवर तिथं नुसता काळोख दिसतो. रात्री लाइट घालवून टीव्हीवर लावा.

आता मेन मुद्दा. उपेक्षित कवीची कहाणी असं सगळे सांगतात आणि मग आपण विजयचा पडलेला चेहरा बघत बसतो. त्यापेक्षा त्याच्या कवितांची फाइल कुठून कुठं जाते ते बघा. सख्खे भाऊ ती रद्दीत घालतात (त्यातला एक मेहमूद आहे, ओळखा बघू), रद्दीवाल्याकडून ती गुलाबो घेते, म्हणजे कोलकात्याच्या रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणारी बाई, आणि त्या कवितांची पहिली खरी वाचक तीच निघते. घोष प्रकाशक मात्र विजयला घरच्या पार्टीत ग्लास फिरवायला लावतो. पुढं विजय मेला अशी बातमी येते आणि तेच कागद धडाधड खपायला लागतात! मग तो जिवंत सापडल्यावर भाऊ घोषचे पैसे घेऊन "हा आमचा नव्हेच" म्हणतात, आणि दुसरीकडून जास्त मिळणार म्हटल्यावर लगेच "आमचाच की". हा हिशोब डोक्यात असला की शेवटी विजय भर सभागृहात जे करतो ते नाटकी वाटत नाही.

'जिन्हें नाज़ है हिंद पर' ला फॉरवर्ड करायचं नाही, आणि त्याच्या आधीचा कोठ्यावरचा सीन तर अजिबात नाही, तिथं आजारी बाळ रडतंय आणि गिऱ्हाइकं आईला नाच थांबवू देत नाहीत. गाणं त्यातूनच फुटतं. मूळ गीतकार साहिर लुधियानवीची 'चकले' नावाची नज्म (उर्दू कविता), ध्रुवपदाची ओळ भारी जड उर्दूत होती ती पिक्चरसाठी सोपी केली, तरी बाकीचे शब्द अडतातच, म्हणून आधी अर्थ वाचून घ्या कारण सबटायटल वाचता वाचता रफी हातचा जातो.

जॉनी वॉकरचं चंपीचं गाणं टाइमपास म्हणून सोडू नका, मालक असो की नोकर, मालिशवाल्यापुढं सगळ्यांची डोकी सारखीच वाकतात असं तो हसत हसत सांगून जातो. धुक्यातलं ड्रीम साँग मात्र मला लांबलेलंच वाटतं, चहा ठेवायचा तर तेव्हा ठेवा. मीनाबद्दलही (विजयची जुनी प्रेयसी, आता घोषची बायको) थोडी तक्रार आहे, तिनं पैशासाठी लग्न केलं एवढ्यावर पिक्चर तिला फार झोडतो, तिच्यापुढं तेव्हा दुसरं काय होतं हे कुणी विचारतच नाही.

आणि एक, लगेच दुसऱ्या दिवशी गुरुदत्तचाच 'कागज के फूल' (१९५९) लावू नका. लोक दोन्ही एकत्र बघतात आणि मग 'प्यासा' पण पडला होता असं ठोकून देतात, पडला तो 'कागज के फूल', 'प्यासा' चांगला चालला होता. मध्ये 'मिस्टर अँड मिसेस ५५' बघा, त्यात गुरुदत्त व्यंगचित्रकार आहे आणि चित्रं काढणारा हात आर. के. लक्ष्मणांचा.