नवं पुस्तक वाचकापर्यंत पोचवायचंय? या चुका टाळा

नाशिकमध्ये कुणाचं पुस्तक निघायचं असलं की मला पहिला फोन येतो तो हॉल कुठला घ्यावा हे विचारायला. दुसरा येतो प्रमुख पाहुणे कोण मिळतील म्हणून. हे पुस्तक कुणी वाचावं आणि ते त्याच्या हातात कसं पडावं, असं विचारणारा फोन क्वचितच येतो. प्रकाशन समारंभात, ग्रंथोत्सवात, शाळा-कॉलेजांच्या आवारात पुस्तकविक्रीचं टेबल मांडणं हे माझं काम. टेबलामागे बसलं की पुस्तक कोण उचलतं, कोण चाळून खाली ठेवतं आणि का ठेवतं, हे स्पष्ट दिसतं. त्याच त्या चुकांपायी चांगली पुस्तकं घरात पडून राहिलेली पाहवत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

समारंभ झाला म्हणजे प्रसिद्धी झाली, असं समजणं

ही सगळ्यांत महागडी चूक. एका निवृत्त शिक्षकांचा पहिलाच कथासंग्रह होता. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधल्या माणसांच्या कथा, आणि खरोखर चांगल्या. पत्रिकेत वेळ ठीक सहाची. पाहुणे यायला सात वाजले. मंचावर नऊ जण, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पुस्तकाची एक प्रत. मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. पाहुणे वाचनसंस्कृतीवर पाऊण तास बोलले, अध्यक्ष त्याहून थोडं जास्त. या सगळ्यात पुस्तकातली एक ओळही कुणी वाचून दाखवली नाही.

माझं टेबल आयोजकांनी ठेवलं होतं मागच्या बोळात, पाण्याच्या जारशेजारी. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले, आणि तेही थोडेच, कारण बाकीच्या प्रती अजून बाइंडिंगला होत्या. नऊ वाजता चहा आला आणि लोक घराकडे निघाले. मंचावर प्रती वाटलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे ‘आम्हाला भेट मिळणार ना?’ असं विचारणारे बरेच होते. ओझरहून आलेल्या एक बाई मात्र थांबल्या. म्हणाल्या, ‘ताई, कथा कशावर आहेत?’ मी अवकाळीच्या रात्रीची कथा उघडून त्यांच्या हातात दिली. माल उतरायला आलेला, बाहेर गारा पडतायत, आणि नवरा-बायको अंधारात पत्र्यावरचा आवाज ऐकत बसलेत, एवढाच तो प्रसंग. बाईंनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि दोन प्रती घेतल्या, एक स्वतःसाठी, एक भावासाठी. भावाची बाग होती.

त्या संध्याकाळी हॉल, फुलं, फोटोग्राफर, स्मृतिचिन्हं यांवर जेवढे पैसे गेले, तेवढ्यात द्राक्षपट्ट्यातल्या कितीतरी वाचनालयांना आणि वाचकांना पुस्तक पोचलं असतं. लेखकाला समारंभाचा आनंद मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. आयुष्यभराच्या अनुभवाचं पुस्तक झालेलं असतं, चार माणसं जमावीत, कौतुक व्हावं. पण त्या कार्यक्रमात पुस्तकाला जागा हवी.

मी आता टेबल लावायला होकार देण्याआधी काही गोष्टी ठरवून घेते. टेबल आत येण्याच्या दारातच लागेल. दोन प्रती नुसत्या चाळण्यासाठी मोकळ्या ठेवायच्या, त्या विकायच्या नाहीत. किंमत लांबून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. क्यूआर कोड आदल्या दिवशी एक रुपया पाठवून तपासलेला, आणि पन्नासाच्या, दहाच्या सुट्या नोटा पाकिटात. पाहुण्यांच्या भाषणाआधी लेखकाने दहा मिनिटं पुस्तकातलं वाचायचं, आणि काय वाचायचं ते घरी ठरवून, पानावर खूण करून आणायचं. कार्यक्रम संपल्यावर फोटोसाठी मंचावर थांबायचं नाही, टेबलापाशी येऊन बसायचं. वाचकाशी चार शब्द बोलत लेखकाने सही केली की तो वाचक पुस्तकाबद्दल घरी जाऊन बोलतोच.

मुखपृष्ठाचा फोटो पंधरा ग्रुपवर टाकणं

‘माझे पुस्तक प्रकाशित झाले, आपला लोभ असावा.’ खाली मुखपृष्ठ. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, योगवर्गाचा, सगळीकडे हेच. त्याखाली अंगठे, फुलं, अभिनंदन. विक्री शून्य. मग लेखक हताश होऊन म्हणतो, लोक वाचतच नाहीत. अहो, पण वाचणाऱ्याला तुम्ही सांगितलंत काय? कादंबरी आहे की लेख, पानं किती, किंमत किती, पैसे कुठे भरायचे, यातलं काहीच त्या मेसेजात नसतं. वाचकाने हे विचारत बसावं अशी अपेक्षा धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मेसेज असा करा: ‘द्राक्षबागांत राबणाऱ्या माणसांच्या बारा कथा. पानं १६८, किंमत २५० रुपये, टपालखर्चासह २९०. या नंबरवर पैसे भरून पूर्ण पत्ता पिनकोडसह कळवा.’ सोबत पुस्तकातला एकच उतारा द्या, मोबाइलच्या पडद्यावर एका नजरेत मावेल एवढा. मुखपृष्ठ त्याच्यानंतर. दुसऱ्या आठवड्यात वेगळा उतारा. तोच मेसेज परत नको.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायची यादी, करणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. एका यादीत २५६ पर्यंत नावं बसतात, आणि तेवढी भरली म्हणून लेखक निश्चिंत होतात. त्यातल्या निम्म्यांकडे तुमचा नंबरच नसेल तर मेसेज हवेत गेला. मी तर ओळखीतल्या खऱ्या वाचकांना एकेकट्यालाच लिहिते, नाव घालून, आणि हे पुस्तक त्यांनाच का सुचवतेय ते एका ओळीत सांगून. वेळ जातो, पण उत्तर येतं. आठवड्याभरात आवृत्ती संपवण्याची घाई असलेल्यांना हे पटत नाही. ते पैसे देऊन जाहिरात करतात, लाइक मोजतात, आणि महिन्याभराने कंटाळून पुस्तकाचा विषयच सोडून देतात.

वाचनालयात प्रत ‘देऊन’ येणं

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासूनचं. तिथे किंवा उपनगरातल्या कुठल्याही लहान वाचनालयात जाऊन प्रत भेट दिली, फोटो काढला, की लेखक परत त्या दारात पाऊल टाकत नाहीत. वाचनालयात पुस्तक फिरतं ते देवघेवीच्या टेबलावरच्या माणसामुळे. ‘काहीतरी चांगलं द्या हो’ असं म्हणणाऱ्या सभासदाच्या हातात काय ठेवायचं, हे तोच ठरवतो. त्याच्याशी दहा मिनिटं बोला. पुस्तक कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, ते सांगा. दोन महिन्यांनी पुन्हा जा आणि किती जणांनी नेलं ते विचारा.

वाचनालयांनी पुस्तक विकत घ्यावं असं वाटत असेल, तर ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीकडे लक्ष ठेवा. त्या यादीसाठी पुस्तकं मागवल्याची सूचना निघते, मुदत असते, आणि ती चुकली की हळहळत बसावं लागतं. अनुदानावर चालणारी वाचनालयं हप्ता हातात आला की खरेदी करतात, एरवी त्यांच्याकडे तगादा लावून उपयोग नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पुस्तकपेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात. आपलं पुस्तक अशा पेटीत जावं असं वाटणाऱ्याने आधी एखाद्या गटात वाचक म्हणून जाऊन बसावं. लोक काय वाचतात आणि काय न वाचता परत करतात, हे तिथे कळतं.

काही चुका थोडक्यात

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो.

कण्यावर नाव न छापणं. कपाटात उभं लावलं की असं पुस्तक कुणालाच सापडत नाही.

मलपृष्ठावर लेखकाचे पुरस्कार आणि पदं. वाचक मलपृष्ठ वाचतो ते आत काय आहे हे कळावं म्हणून.

प्रकाशनपूर्व सवलत वीस टक्के, आणि महिन्याभरात प्रदर्शनात चाळीस. ज्याने तुमच्यावर विश्वास ठेवून आधी पैसे भरले, त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि तो पुढच्या पुस्तकाला थांबतो. सवलत सुरुवातीलाच सगळ्यांत जास्त असावी आणि नंतर कमी होत जावी.

वर्तमानपत्राकडे परीक्षणासाठी पाठवलेल्या प्रतीत पत्र नसणं. दोन प्रती, अर्ध्या पानाचं टिपण, किंमत, प्रकाशकाचा पत्ता. आठवड्याला फोन करू नका.

दिवाळी अंकात पुस्तकातलं प्रकरण यावं असं गणपतीत सुचणं. तोवर अंक बहुतेक भरलेले असतात. उन्हाळ्यातच संपादकांशी बोला.

वसंत व्याख्यानमालेत गोदाघाटावर व्याख्यान चालू असताना रांगेरांगेत पत्रकं वाटणं. ती माणसं ऐकायला आलेली असतात. व्याख्यान संपल्यावर भेटा.

वाचकांनाही सांगायचंय

नव्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणं थांबवा. एका तरुण लेखिकेने स्वतःच्या पगारातून पाचशे प्रती काढल्या. पहिल्याच महिन्यात कुणीतरी सगळी पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकली, आणि कौतुकाने टाकली, ‘वाचाच’ असं लिहून. तिला वाचकांचे फोन येत राहिले, छान लिहिलंय म्हणून. विकत किती जणांनी घेतलं ते तिने विचारलं नाही, पण मला दिसत होतं. छपाईचे पैसे फिटायच्या आत पुस्तक फुकट झालं होतं. परवडत नसेल तर वाचनालयात मागणी नोंदवा. सभासदांनी मागितलेलं पुस्तक वाचनालयं आणतात, आणि मग ते तुमच्यासारख्या इतरांनाही मिळतं.

दुसरं म्हणजे, आवडलेल्या पुस्तकाबद्दल ‘अप्रतिम, मस्ट रीड’ एवढंच लिहून सोडू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही. कुठला प्रसंग मनात राहिला, कुठे कंटाळा आला, कुणाला हे आवडणार नाही, अशी तीन वाक्यं लिहा. कंटाळा कुठे आला हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याची शिफारस लोक मानतात. लेखकांनीही मित्रांकडून पाच ताऱ्यांचे अभिप्राय गोळा करू नयेत. सगळे एकाच तारखेचे, एकाच सुरातले अभिप्राय वाचकाच्या लगेच लक्षात येतात.

उरलेल्या प्रती

समारंभानंतर चार महिने गेले की दिवाणाखालचे खोके कुणी उघडत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना दमट वास येतो, मग कसर लागते. खोके जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा, वर प्लास्टिक गुंडाळू नका आणि महिन्यातून एकदा उघडून हवा लागू द्या. टपालाने पाठवताना पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठ्यात, मग खाकी कागदात. पुठ्ठा चारही कोपऱ्यांबाहेर बोटभर यायला हवा, नाहीतर कोपरे दुमडतात. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. पाकीट पाच किलोपर्यंत चालतं, आणि ते कुठवर पोचलं हे पाहता येतं. कुठली पुस्तकं त्यात बसतात याचे नियम आहेत, ते काउंटरवर आधी विचारून घ्या.

आणि एक वही करा. पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, नंबर आणि तारीख, आणि शेवटच्या रकान्यात तो काय म्हणाला ते. पंधरा दिवसांनी त्याला फोन करून पुस्तक पोचलं का एवढंच विचारा. आवडलं का ते विचारू नका, आवडलं असेल तर तो आपण होऊन बोलतो. दुसरं पुस्तक येईल तेव्हा पहिला मेसेज या वहीतल्या नावांना करायचा, हॉलवाल्याचा नंबर शोधायच्या आधी.