सीपीआरनंतर दृष्टिपटलाची तपासणी कशी करावी

सीपीआर या तातडीच्या उपचारात हृदय बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, दर वेळी किमान 5 सेंटिमीटर खोल दाब दिला जातो. त्यामुळे छातीतील शिरांमधला दाब एकाएकी वाढतो, मानेवाटे डोळ्यापर्यंत पोचतो आणि क्वचित दृष्टिपटलावरच्या (डोळ्याच्या आतील प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरच्या) नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. या धास्तीने सीपीआरचा जोर तसूभरही कमी करू नये. डोळ्याचा विचार जीव वाचल्यानंतर करायचा आहे.

रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागला की एकेक डोळा पूर्ण झाकून नजर तपासावी. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातील दोष दुसरा डोळा झाकून टाकतो, आणि अतिदक्षता विभागाच्या धांदलीत तो कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. रुग्णाचा नेहमीचा चष्मा लावून ठळक अक्षरे वाचायला द्यावीत; समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा मधला भाग पुसट दिसतो का, काळे वा लालसर डाग तरंगतात का, हे विचारावे. यांपैकी काहीही आढळल्यास नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी बोलवावे.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती घ्यावी, आणि औषधाचे नाव व वेळ केसपेपरवर ठळकपणे लिहावी. ही नोंद राहून गेली, तर औषधाने विस्फारलेली बाहुली मेंदूवरील दाब वाढल्याचे लक्षण समजली जाऊ शकते.

तपासणीत सुटे रक्तस्राव दिसतात, की कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे ठिपके आणि रक्तवाहिन्यांलगत थोडी जागा सोडून उमटलेले पांढुरके चट्टे दिसतात, हे पाहणे महत्त्वाचे असते. दुसऱ्या प्रकारचे चित्र नेत्रतज्ज्ञ ऑटमार पुर्चर यांनी 1910 मध्ये झाडावरून पडून डोक्याला मार लागलेल्या रुग्णात वर्णिले होते. छाती जोरात दाबली गेल्यावरही ते दिसू शकते. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा अडतो, त्यामुळे नजर किती परत येईल याविषयी बोलताना डॉक्टरांनी सावध राहावे. मॅक्युलाची (दृष्टिपटलाच्या, स्पष्ट नजर देणाऱ्या मध्यभागाची) सूज आणि झालेली हानी ओसीटी चाचणीत, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, अधिक स्पष्ट होते.

नजर गेली असूनही दृष्टिपटल निर्दोष आणि बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया नीट असेल, तर दोष मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असण्याची शक्यता धरावी. हृदय थांबले असताना प्राणवायू न मिळाल्याने ते केंद्र दुखावू शकते. अशा वेळी मेंदूची तपासणी हवी.

लहान रक्तस्राव बहुधा काही आठवड्यांत आपोआप शोषले जातात. मॅक्युलासमोर साचलेल्या रक्तासाठी निवडक रुग्णांत लेझर वा शस्त्रक्रिया करतात. पुर्चरच्या विकारावर मात्र खात्रीचा उपचार सिद्ध झालेला नाही, स्टेरॉइडही नाही. डोळ्यात रक्त दिसले म्हणून रक्त पातळ करणारी औषधे परस्पर बंद करू नयेत. स्टेंट बसवलेल्या रुग्णात ते जिवावर बेतू शकते. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. केवळ सीपीआरमुळे त्यांच्या दृष्टिपटलावर रक्तस्राव होणे दुर्मीळ असते, आणि झाले तरी ते सहसा मोजके व मागच्या भागापुरते असतात. कडेपर्यंत पसरलेले, अनेक थरांतील असंख्य रक्तस्राव सीपीआरच्या खाती टाकून मोकळे होऊ नये. डोक्याला इजा, बाळाला जोरात हिसडे देणे आणि रक्त गोठण्याचे विकार या सर्वांचा शोध घ्यावा. रक्तस्रावांची संख्या, थर व विस्तार यांची नोंद छायाचित्रांसह लगेच करावी, कारण काही रक्तस्राव थोड्याच दिवसांत नाहीसे होतात.