जिंकणारा डाव पुढच्या वर्षी का अडतो? या चुका टाळा

साक्रीकडचा एक पोरगा आमच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूला खेळायचा. पायात नुसतं वारं. मधून कुणीतरी चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून टाकायचा, हा धावत जाऊन गाठायचा आणि गोल. दोन हंगाम धुळे-जळगावच्या स्पर्धांत आम्ही हेच केलं आणि जिंकत राहिलो. तिसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात समोरच्यांनी बचावफळी पंधरा पावलं मागे ठेवली आणि एक गडी त्याच्या अंगावर सोडला. हाफ-टाइमला डोक्यावर पाणी ओतत पोरगा म्हणाला, "सर, तो मना मांगेमांगेच फिरी ऱ्हायना." मी त्याला म्हटलं, अजून जोरात पळ. आम्ही १-० ने हरलो.

रात्री मोबाइलवर सामना पुन्हा पाहिला. त्याच्या मागे लावलेला गडी त्यांच्या मधल्या फळीतला होता. तो बाजूला सरकला की त्यांच्या गोलसमोरच्या चौकटीच्या, म्हणजे बॉक्सच्या पुढे खळ्याएवढी जागा मोकळी पडायची, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत आमचं कुणीही तिथे गेलं नाही. पोरगा अगदी नेमकं सांगत होता. मी ती तक्रार समजलो.

चूक पहिली: मेहनतीवर खापर फोडणं

नेहमीचा डाव अडला की आपण पोरांना झापतो. पोरं बहुतेक वेळा तेवढीच पळत असतात. समोरच्याने तुमचा अभ्यास केलेला असतो. कपाशी लावणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, बोंडअळी आटोक्यात आली, जो तो तेच बियाणं लावू लागला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडं पोखरली. अळी सरावली होती.

म्हणून डाव अडला की आधी हे शोधा: मला अडवायला त्याने कुठला गडी हलवला, आणि तो जिथून हलला तिथे आता कोण उभं आहे? मैदानात बारावा गडी येत नाही. एक भोक बुजवलं की दुसरीकडे कुठेतरी उघडं पडतंच.

२५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवलं ते नेमकं याच पेचात पकडून. त्यांचा सेंटर-फॉरवर्ड (आघाडीचा मधला गडी) हिदेगकुटी पुढे थांबायचाच नाही, मागे मधल्या फळीत यायचा. इंग्लंडचा बचावातला हॅरी जॉन्स्टन त्याच्या मागे गेला तर बचावात भगदाड, न गेला तर हिदेगकुटी मोकळा. त्याने तीन गोल केले. सहा महिन्यांनी बुडापेस्टला इंग्लंड पुन्हा तसंच खेळलं आणि ७-१ ने हरलं. जर्मनांनी मात्र धडा घेतला. १९५४ च्या विश्वचषकात गटातल्या सामन्यात हंगेरीकडून ८-३ असा मार खाल्लेला हाच संघ बर्नच्या अंतिम सामन्यात उतरला तेव्हा हिदेगकुटीवर नजर ठेवायला मधल्या फळीतला होर्स्ट एकेल नेमला होता. आठ मिनिटांत दोन गोल खाऊनही जर्मनी ३-२ ने जिंकली. पाऊस होता, हंगेरीच्या पुश्काशचा घोटा दुखत होता, हे खरंच. पण इंग्लंडला न सुटलेल्या प्रश्नाला जर्मनांकडे उत्तर होतं.

चूक दुसरी: ज्याला चेंडू नकोच, त्याच्यावर प्रेसिंग (चेंडूसाठी झडप)

प्रशिक्षक क्लॉपच्या डॉर्टमुंड क्लबने चेंडू गमावला की तिथल्या तिथे झडप घालत २०११ आणि २०१२ असं लागोपाठ दोनदा जर्मन विजेतेपद मिळवलं. मग संघ शहाणे झाले: चेंडू तुम्हीच ठेवा, आम्ही मागे बसतो. २०१४-१५ मध्ये हाच संघ काही काळ तक्त्याच्या तळाला होता, शेवटी सातवा आला. दुखापतीही होत्या, पण झडप घालायची कुणावर, हा प्रश्न होताच.

आपल्याकडे त्यात ऊन. मे महिन्यात दुपारी चारच्या सामन्यात नव्वद मिनिटं प्रेसिंग करायला लावणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. झडपेच्या वेळा ठरवून द्या: त्यांचा थ्रो-इन, गोलकीपरकडे मागे दिलेला पास, कुणाच्या पायातून उडालेला चेंडू. एरवी रांग धरून उभे राहा आणि दम राखा.

चूक तिसरी: टीव्हीवरचा डाव जसाच्या तसा उचलणं

२०१९ ला नियम बदलला, गोल-किक बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला घेता येऊ लागली, आणि सगळे गोलकीपरपासून छोटे पास द्यायला लागले. तिथे गवत गालिच्यासारखं असतं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चेंडू तिसऱ्या टप्प्याला कुठेही वळतो. त्या पासामागचा हेतू घ्या: समोरच्याला पुढे ओढायचं आणि त्याच्या पाठीमागे चेंडू टाकायचा. तो लांब किकनेही साधतो, फक्त तिथे पडून सुटणारा चेंडू उचलायला दोन गडी आधीच तिथे हवेत.

चूक चौथी: सगळे मागे, पुढे कुणीच नाही

२०१२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत इंग्लंडच्या चेल्सीने स्पेनच्या बार्सिलोनाला अडवलं ते बॉक्समध्ये गर्दी करून, असं सगळे सांगतात. पहिल्या सामन्यात द्रोग्बाचा, दुसऱ्यात रामिरेस आणि टोरेसचा गोल विसरतात. सुटायला वाट ठेवली होती म्हणून बचाव टिकला. एक वेगवान गडी मधल्या रेषेवर ठेवाच.

चूक पाचवी: एका हारीने सगळं मोडणं

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० ने हरला. प्रशिक्षक रहीम साहेबांनी संघाचा कणा तोच ठेवला. बचावातला जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत होता, त्याला आघाडीला उभं केलं. अंतिम सामना त्याच कोरियाशी, भारत २-१ ने जिंकला आणि त्यातला एक गोल जर्नेलचा. आपल्याकडे एक सामना हरला की कर्णधार बदला, गोलकीपर बदला. मग कशाने फरक पडला तेच कळत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि निदान दोन सामने तो पाहा.

आम्हीही एकच बदल केला. पुढच्या हंगामात साक्रीच्या पोराला सांगितलं, तू पळू नकोस, चुन्याच्या रेषेला चिकटून उभा राहा. त्याचा पहारेकरी आला त्याच्या मागे, अगदी कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत. आमचा मधला पोरगा त्या मोकळ्या खळ्यात चेंडू घेऊन शिरला, मान वर केली, समोर फक्त गोलकीपर होता.