चित्रपट महोत्सवात स्वतंत्र सिनेमा शोधताय? या चुका टाळा

महोत्सवाचं वेळापत्रक हाती पडलं की बहुतेक जण आधी ओळखीची नावं शोधतात. फ्रान्सच्या कान महोत्सवात गाजलेला, ऑस्करला पाठवलेला, वर्षभर ज्याची चर्चा ऐकली तो. अशांवर पेनानं गोल होतात आणि मधल्या रिकाम्या वेळेत ‘काहीतरी’ भरलं जातं. स्वतंत्र सिनेमा, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय बनलेला, नेमका त्या ‘काहीतरी’मध्ये असतो.

गाजलेल्या चित्रपटाला बहुधा वितरक मिळालेला असतो, म्हणजे तो आज ना उद्या थिएटरात किंवा ओटीटीवर येणारच. वितरक नसलेल्या चित्रपटाचा मात्र तुमच्या शहरातला हा पहिला आणि शेवटचा शो असू शकतो. दोन शो एकाच वेळी आले तर ‘जास्त चांगला कोणता’ यावर डोकं खाजवू नका. ‘नंतर कुठेच मिळणार नाही असा कोणता’ एवढंच बघा आणि तिकडे जा.

सारांशावर विसंबणं

कॅटलॉगमधले चार ओळींचे सारांश वाचून निवड करणं मला जवळजवळ निरुपयोगी वाटतं. ‘एका स्त्रीचा स्वतःच्या शोधातला प्रवास’ हे वाक्य अर्ध्या कॅटलॉगला चिकटवता येईल. त्याऐवजी त्याच पानावरचा बारीक मजकूर वाचा. दिग्दर्शकाचा कितवा चित्रपट आहे? निर्मितीला पैसा कुठून आला? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या, चित्रपटांना पैसा देणाऱ्या ह्यूबर्ट बाल्स फंडासारख्या निधीचं नाव दिसलं, तर निवड करणाऱ्या कोणीतरी त्या प्रकल्पात काहीतरी पाहिलं होतं असं समजायला हरकत नाही.

आधी तो कुठल्या महोत्सवात, कुठल्या विभागात दाखवला गेला, हेही तिथेच असतं. लोक महोत्सवाचं नाव वाचतात आणि विभागाचं सोडून देतात. कानचा १९६२ साली सुरू झालेला ‘क्रिटिक्स वीक’ दिग्दर्शकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या चित्रपटांसाठी आहे. कानचाच ‘कॅमेरा दोर’ हा पुरस्कार १९७८ पासून पदार्पणाच्या चित्रपटाला मिळतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात मुख्य स्पर्धेत नव्हता. तो ‘ओरिझोन्ती’ या विभागात होता आणि त्या विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. तेव्हा आपल्या जवळच्या महोत्सवातही नवोदितांचा विभाग कोणता, हे आधी शोधा आणि गोल करायला तिथून सुरुवात करा.

लघुपटांकडे पाठ फिरवणं

‘पूर्ण लांबीचे संपले की बघू’ म्हणणारे लघुपटांपर्यंत कधी पोहोचतच नाहीत. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरला जातो; महोत्सवात तर कित्येक १०-१५ मिनिटांतच आटोपतात. एका खेळात पाच-सहा दिग्दर्शक भेटतात, आणि एखादा रटाळ निघाला तरी पुढचा लगेच सुरू होतो. तीन वर्षांनी ज्याचं नाव सगळे घेतील तो इथे भेटण्याची शक्यता बरीच असते.

शोला शो चिकटवणं

वेळापत्रकात चित्रपटाची लांबी असते. रांग, प्रास्ताविक आणि नंतरची प्रश्नोत्तरं नसतात. दोन तासांचा चित्रपट या सगळ्यासकट सहज पावणेतीन तासांवर जातो. मग पुढच्या शोसाठी लोक नेमके दिग्दर्शक बोलायला उभा राहिला की उठतात. स्वतंत्र चित्रपटाच्या बाबतीत हा तोटा मोठा, कारण पैसा कसा जमला, नट कुठून आणले, शेवट का बदलला हे त्या वीस मिनिटांतच कळतं. ते पुढे कुठे छापून येईल याची खात्री नसते. दिवसाला तीन चित्रपट पुष्कळ झाले. आणि माइक हातात आला तर प्रश्न विचारा, भाषण नको.

शो हाउसफुल्ल असेल तर

लगेच परत फिरू नका. बऱ्याच महोत्सवांत खेळ सुरू होण्याच्या जरा आधी न भरलेल्या खुर्च्या रांगेतल्यांना देतात. दुसरा खेळ आहे का तेही बघा. तो बहुधा आडवेळेला असतो आणि म्हणूनच रिकामा.

कधी शोच सुरू होत नाही. हल्ली चित्रपट डिजिटल पॅकेजच्या रूपात येतो. ते कुलूपबंद असेल, तर त्याची किल्ली (पासवर्डसारखी एक डिजिटल फाइल) ठरावीक प्रोजेक्शन यंत्रणेवर आणि ठरावीक वेळेतच चालते. किल्लीत घोळ झाला की ऑपरेटरच्या हातात फारसं काही राहत नाही, म्हणून दारावरच्या स्वयंसेवकाशी भांडून उपयोग नाही. बदली खेळ कधी ठेवणार, तेवढं विचारून घ्या. सबटायटल्स गायब असतील किंवा आवाज फाटत असेल तर मात्र पहिल्या दोन मिनिटांतच उठून सांगा. शंभर जण गप्प बसतात, कारण प्रत्येकाला वाटतं की प्रयोगशील चित्रपट आहे, असंच असेल.

फक्त इंग्रजी नाव लक्षात ठेवणं

महोत्सवातलं इंग्रजी नाव प्रदर्शनाच्या वेळी बदलू शकतं, आणि नंतर शोधूनही चित्रपट सापडत नाही. मूळ भाषेतलं नाव, दिग्दर्शक आणि वर्ष एवढं फोनमध्ये टिपून ठेवा. कॅटलॉगच्या त्या पानाचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त अंधारात फ्लॅश मारू नका.